जर्मन साहित्यापासून पर्यावरणाच्या अभ्यासापर्यंत

बारावीनंतर एखाद्या विद्यार्थ्याने परकीय भाषा हा मुख्य विषय म्हणून निवडला, तर घरातून आणि गावातून एकच प्रश्न येतो : यातून पुढे काय? प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयाची पायरी चढतो, त्या घराला शिक्षण हे चैनीसाठी परवडत नाही. म्हणून या प्रश्नाला गोलमोल उत्तर देणे योग्य नव्हे. जर्मन भाषा व साहित्य यांचा अभ्यास करणारी व्यक्ती पूर, भूकंप, दुष्काळ आणि जंगल यांविषयी समाजाला काही मोलाचे सांगू शकते का, आणि अशा अभ्यासाची वाटचाल प्रत्यक्षात कशी असते, याची ओळख या लेखातून करून देण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम या विद्याशाखेचे नाव समजून घेऊ. पर्यावरण म्हटले की आपल्यासमोर रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, हवामानशास्त्र हे विषय उभे राहतात. ते आवश्यकच आहेत. परंतु नदीत किती पाणी आले हे मोजता येते, तशी त्या नदीकाठी कोणाची घरे होती, ती तेथेच का होती, धोक्याची सूचना कोणापर्यंत पोहोचली नाही, आणि पूर ओसरल्यावर दोष कोणाच्या माथी मारला गेला, या प्रश्नांची उत्तरे केवळ मोजमापातून मिळत नाहीत. त्यासाठी इतिहास, भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान आणि समाजाचा अभ्यास लागतो. या विद्यांनी पर्यावरणाच्या प्रश्नाकडे पाहण्याचा जो संघटित प्रयत्न गेल्या दोन-तीन दशकांत झाला, त्याला पर्यावरणीय मानव्यविद्या असे म्हणतात. जर्मनीतील म्युनिक शहरात २००९ साली स्थापन झालेले राशेल कार्सन केंद्र हे या विद्येचे जगातील एक प्रमुख पीठ मानले जाते. या विषयाला वाहिलेले एक आंतरराष्ट्रीय नियतकालिक २०१२ पासून ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांच्या पुढाकाराने सुरू झाले.

या विद्येत जर्मन भाषेला विशेष स्थान का, हेही पाहिले पाहिजे. आज आपण ज्या शब्दांत पर्यावरणाचा विचार करतो, त्यांपैकी काही महत्त्वाचे शब्द जर्मन भाषेतच घडले. सॅक्सनी प्रांतातील खाणकामाचे अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्स यांनी १७१३ साली वनशेतीवर ग्रंथ लिहिला. धातू वितळवण्याच्या भट्ट्यांना लाकूड अपुरे पडू लागले होते; जितके उगवते तितकेच तोडावे, म्हणजे जंगल टिकून राहील, असा विचार त्यांनी मांडला. आज 'शाश्वत विकास' म्हणताना 'शाश्वत' या शब्दामागे जो अर्थ आहे, त्याचे एक मूळ या ग्रंथात सापडते. 'इकॉलॉजी' ही संज्ञा १८६६ साली येना येथील प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी जर्मन भाषेत प्रथम घडवली. बर्लिनचे अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०० साली व्हेनेझुएलातील व्हॅलेन्सिया सरोवराकाठी गेले, तेव्हा सरोवराचे पाणी मागे हटत असल्याचे त्यांनी पाहिले आणि भोवतालची झाडे तोडली गेल्याने असे घडते, हा कार्यकारणभाव उलगडून दाखवला. निसर्गातील एकही गोष्ट सुटी नसते, एकीला धक्का लागला की दुसरीही हलते, ही दृष्टी हुम्बोल्ट यांच्या संपूर्ण लेखनात आहे.

एका अभ्यासिकेची वाटचाल

या क्षेत्रातील कारकीर्द कशी आकाराला येते, हे समजण्यासाठी ऑस्ट्रेलियातील प्राध्यापिका केट रिग्बी यांचे उदाहरण घेऊ. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ जर्मन साहित्य व तौलनिक साहित्य शिकवले. त्यांचा आरंभीचा अभ्यास पर्यावरणाचा नव्हताच. १९९६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ अभिजात जर्मन नाटकांतील स्त्रीप्रतिमेविषयी होता. त्याच वर्षी आधुनिक जर्मन स्त्रीवादाचा परिचय करून देणारे एक पुस्तक त्यांनी सहलेखिकेसमवेत लिहिले.

नाटकांतील स्त्रीपासून नदी-डोंगरांपर्यंतचा हा प्रवास वरवर पाहता विचित्र वाटेल. पण त्याला तर्क आहे. ऑस्ट्रेलियातील तत्त्वज्ञ व्हॅल प्लमवूड यांनी १९९३ साली एक महत्त्वाची मांडणी केली होती. जी विचारपद्धती स्त्रीला पुरुषाहून हीन ठरवते, तीच मूलनिवासींना गोऱ्या वसाहतवाल्यांहून हीन ठरवते आणि निसर्गाला माणसाच्या वापराची वस्तू ठरवते, असे त्यांचे म्हणणे होते. एकदा समाजाची श्रेष्ठ आणि कनिष्ठ अशी विभागणी मान्य केली की कनिष्ठांच्या रांगेत कोणालाही बसवता येते. ज्यांनी जन्मावर आधारलेली उतरंड पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे, त्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. रिग्बी यांचा अभ्यासही याच दिशेने पुढे सरकला. २००४ साली त्यांनी युरोपातील स्वच्छंदतावादी कवींच्या स्थळ-निसर्गविषयक जाणिवेवर ग्रंथ लिहिला. त्यात जर्मन आणि इंग्रज कवींचा एकत्र विचार आहे. पुढे ऑस्ट्रेलियातील पर्यावरणीय मानव्यविद्येच्या पहिल्या प्राध्यापक म्हणून त्यांची ओळख झाली. २०१६ साली त्या इंग्लंडमधील बाथ स्पा विद्यापीठात गेल्या आणि तेथे या विषयाचे संशोधन केंद्र त्यांनी उभारले. २०२२ पासून त्या जर्मनीतील कोलोन विद्यापीठात हुम्बोल्ट प्राध्यापक म्हणून काम करू लागल्या. परदेशातील मोजक्या विद्वानांना जर्मनीत आणण्यासाठी दिल्या जाणाऱ्या या पदासोबत सैद्धांतिक विषयांकरिता पाच वर्षांसाठी ३५ लाख युरोंचा संशोधननिधी मिळतो. साहित्याच्या अभ्यासाला एक देश एवढे मोल देतो, ही गोष्ट पालकांनी अवश्य ध्यानात घ्यावी.

आपत्ती निसर्गाची की समाजाची?

रिग्बी यांचा २०१५ सालचा ग्रंथ आपत्तींविषयी आहे. भूकंप, साथ, पूर, वणवा आणि वादळ या पाच संकटांवर लिहिलेल्या साहित्यकृती त्यांनी बारकाईने वाचल्या. त्यांचे मुख्य सांगणे असे : 'नैसर्गिक आपत्ती' हा शब्दप्रयोग आपली दिशाभूल करतो. पूर्वी लोक आपत्तीला देवाची शिक्षा मानीत. आधुनिक काळात तो समज मागे पडला, हे योग्यच झाले. पण त्याच्या जागी 'हा निसर्गाचा कोप, यात कोणाचा दोष नाही' ही नवी समजूत आली. दोन्ही समजुतींमध्ये माणसाने केलेल्या व्यवस्थेची चौकशी होत नाही.

या वादाचा प्रारंभ युरोपात १७५५ साली झाला. त्या वर्षी १ नोव्हेंबरला पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंप, समुद्राच्या लाटा आणि आग यांनी उद्ध्वस्त झाली. तो सणाचा दिवस होता, माणसे प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जमली होती. देव दयाळू असेल तर हे का घडले, या प्रश्नाने सारा युरोप ढवळून निघाला. पुढच्याच वर्षी तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी भूकंपावर तीन निबंध लिहून त्याची कारणे पृथ्वीच्या पोटातच शोधली पाहिजेत, असे प्रतिपादन केले. फ्रेंच विचारवंत रुसो यांनी व्होल्तेर यांना लिहिलेल्या पत्रात याहून पुढचा मुद्दा मांडला. सहा-सात मजल्यांची घरे दाटीवाटीने निसर्गाने बांधलेली नव्हती. ती माणसाने बांधली होती, असा त्या मुद्द्याचा आशय.

जर्मन लेखक हाइनरिष फॉन क्लाइस्ट यांची १८०७ साली प्रसिद्ध झालेली भूकंपकथा हाच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारते. कथा घडते चिलीतील सांतियागो शहरात, १६४७ च्या भूकंपाच्या वेळी. समाजाने दोषी ठरवलेले एक प्रेमी युगुल मृत्यूच्या दारात उभे असताना भूकंप होतो आणि दोघे वाचतात. शहराबाहेरच्या दरीत सारे वाचलेले लोक एकत्र येतात. तेथे काही काळ उच्च-नीच उरत नाही. सरदार आणि भिकारी एकमेकांना मदत करतात. पण दुसरा प्रसंग लगेच येतो. आभारप्रार्थनेसाठी लोक चर्चमध्ये जमतात, धर्मोपदेशक भूकंपाचे खापर शहरातील पापावर फोडतो, आणि जमाव त्या दोघांचा व एका निष्पाप बालकाचा जीव घेतो. या कथेत भूकंपाने जितके भय निर्माण होते त्याहून अधिक भय त्यानंतरच्या माणसांचे वाटते. संकटानंतर दुबळ्याला दोषी ठरवण्याची ही प्रवृत्ती भूकंपमापक यंत्रावर उमटत नाही; ती ओळखण्यासाठी कथा वाचावी लागते.

दुसरे उदाहरण थेओडोर श्टोर्म यांच्या १८८८ सालच्या 'पांढऱ्या घोड्यावरचा स्वार' या दीर्घकथेचे. उत्तर समुद्राच्या काठी सखल जमीन बांध घालून राखावी लागते. लहान शेतकऱ्याचा मुलगा हाउके हाइएन गणिताच्या बळावर बांधाचा मुख्य अधिकारी होतो आणि समुद्राकडे कमी उतार असलेला अधिक भक्कम बांध उभारतो. बांध टिकायचा तर त्यात काहीतरी जिवंत पुरले पाहिजे, अशी गावकऱ्यांची समजूत असते; ते एक कुत्रे पुरू पाहतात आणि हाउके त्याला वाचवतो. येथपर्यंत ही अंधश्रद्धेविरुद्ध बुद्धीची कथा वाटते. परंतु श्टोर्म तेवढ्यावर थांबत नाहीत. जुन्या बांधाला भगदाडे पडत असल्याचे हाउकेला दिसलेले असते. लोकांचा विरोध आणि स्वतःचा थकवा यांमुळे तो अपुऱ्या डागडुजीला मान्यता देतो. वादळात बांध फुटतो आणि बायको व मुलीसह तोही बुडतो. समाजाला बरोबर न घेता आणलेले ज्ञान आणि ज्ञानाकडे पाठ फिरवणारा समाज, दोन्ही किती महागात पडतात हे या कथेतून कळते. धरणे, बंधारे, नाला-सरळीकरण यांचे निर्णय घेणाऱ्यांनी ती वाचावी, इतकी ती आजची आहे.

जुने कागद आणि आर नदीचा पूर

हा अभ्यास केवळ गोष्टींपुरता आहे का, अशी शंका येऊ शकते. तिचे उत्तर जर्मनीतल्याच एका अलीकडच्या घटनेत आहे. १४ व १५ जुलै २०२१ रोजी पश्चिम जर्मनीत अतिवृष्टी झाली. जर्मनीत १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतली बहुतेक बॉन शहराच्या दक्षिणेला असलेल्या आर नदीच्या खोऱ्यातली होती. झिन्त्सिग गावातील दिव्यांगांच्या निवासगृहात तळमजल्यावरचे १२ रहिवासी बुडाले. जगातील अत्यंत संपन्न आणि तंत्रकुशल देशात हे घडले.

'असा पूर कधीच आला नव्हता' असे तेव्हा सर्वत्र म्हटले गेले. ते खरे नव्हते. याच खोऱ्यात १८०४ साली आणि १९१० साली महापूर आले होते. १८०४ मध्ये ६३ माणसे दगावली होती. १९१० च्या पुरात मेलेल्यांत रेल्वेमार्ग बांधण्यासाठी आलेल्या मजुरांची संख्या मोठी होती. परंतु पूरधोक्याचे सरकारी नकाशे तयार करताना १९४७ पासून यंत्राने नोंदवलेले आकडेच गृहीत धरले गेले. त्यामुळे हे दोन्ही महापूर हिशेबाबाहेर राहिले आणि धोका प्रत्यक्षाहून कमी दिसला. जुन्या नोंदी, पूररेषांच्या खुणा आणि अहवाल यांच्या आधारे त्या पुरांची उंची व प्रवाह ठरवण्याचे काम बॉन विद्यापीठातील भूगोलाच्या अभ्यासकांनी २०२१ च्या कित्येक वर्षे आधी केले होते. ज्ञान उपलब्ध होते. ते नकाशापर्यंत पोहोचले नाही.

येथे भाषेच्या अभ्यासकाचे काम स्पष्ट होते. एकोणिसाव्या शतकातील जर्मन दप्तरे ज्या जुन्या वळणाच्या हस्ताक्षरात आहेत, ते आजच्या सामान्य जर्मन माणसालाही वाचता येत नाही. त्यासाठी शिक्षण घ्यावे लागते. चर्चच्या नोंदवह्या, अर्ज, वर्तमानपत्रे, लोकगीते यांतून पाण्याची आठवण शोधून काढणे आणि ती अभियंत्यांच्या हाती देणे, हे काम वाचणाराच करू शकतो.

आपला संबंध

जर्मनीतील या विद्येशी आपला काय संबंध, असा प्रश्न येईल. संबंध जुना आहे. १८६४ साली भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झालेले डीट्रिष ब्रँडिस हे बॉन शहरात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्यानंतर त्या पदावर आलेले विल्हेल्म श्लिष आणि बर्टोल्ड रिबेन्ट्रोप हेही जर्मनच. भारतातील सरकारी वनव्यवस्थेवर जर्मन वनशास्त्राची दाट छाया आहे. १८७८ च्या वनकायद्याने जंगलांची राखीव, संरक्षित आणि ग्रामवन अशी विभागणी केली आणि मोठ्या भूभागावर आदिवासींचा वावर गुन्हा ठरू लागला. ब्रँडिस स्वतः गावांच्या हक्काला अधिक वाव देण्याच्या मताचे होते. पण सत्ता दुसऱ्या मताची होती. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला तो २००९ साली. या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचे एक टोक जर्मन भाषेतील वनशास्त्रात आहे, आणि ती भाषा जाणणारा आपला अभ्यासक त्याचा मुळापासून शोध घेऊ शकतो.

दुसरा दुवा या स्मरणिकेच्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. त्यासाठीचे पत्र त्यांनी जर्मन भाषेत लिहिले होते. लंडनच्या अभ्यासामुळे तेथील शिक्षण पुढे गेले नाही. तथापि एका ज्ञानभाषेपर्यंत पोहोचण्याची त्यांची तळमळ त्यातून दिसते. आणि पाण्याचा प्रश्न हा निसर्गाइतकाच समाजरचनेचा प्रश्न आहे, हे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जगाने पाहिले. तळ्यात पाणी होते. त्यापर्यंत जाण्याची वाट समाजाने अडवली होती. जात आणि निसर्ग यांच्या नात्यावर मुकुल शर्मा यांचा इंग्रजी ग्रंथ २०१७ साली प्रसिद्ध झाला. या दिशेने लिहिण्याजोगे अजून पुष्कळ आहे, आणि ते अनुभवाच्या अधिकाराने लिहू शकणारे विद्यार्थी आपल्याच वसतिगृहांत वाढत आहेत.

मार्ग आणि त्याची किंमत

ज्याला या वाटेने जायचे आहे त्याने प्रथम भाषा पक्की केली पाहिजे. जर्मन भाषेच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. साहित्याचा अभ्यास करण्यासाठी किमान सी-१ पर्यंत पोहोचावे लागते, आणि त्याला काही वर्षे द्यावी लागतात. पुण्यात व मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. मुंबई विद्यापीठात जर्मन विभाग आहे. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ येथे पदवीपासून संशोधनापर्यंतची सोय आहे. पुढे जर्मनीत शिकण्यासाठी १९२५ साली स्थापन झालेली 'डाड' ही संस्था शिष्यवृत्त्या देते. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती यांचाही विचार करावा. त्यांचे नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेतले जातात. तथापि शुल्क नाही म्हणजे खर्च नाही असे नव्हे. शिष्यवृत्ती नसलेल्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम बँकेच्या विशेष खात्यात आधीच दाखवावी लागते. २०२४ मध्ये ती ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक होती. आपल्या घरांतून ही रक्कम उभी राहणे कठीण, म्हणून शिष्यवृत्तीशिवाय कर्ज काढून जाण्याची घाई करू नये.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. प्राध्यापकाची कायम जागा मिळणे तेथेही सोपे नाही. जर्मन कायद्यानुसार पीएच.डी.पूर्वी साधारण सहा आणि नंतर सहा वर्षे कंत्राटी नेमणूक करता येते. त्यानंतर कायम पद न मिळाल्यास अनेकांना क्षेत्र सोडावे लागते. २०२१ साली तेथील तरुण संशोधकांनी याविरुद्ध मोठी मोहीम उभारली होती. म्हणून संशोधनाच्या जोडीने भाषांतर, भाषाशिक्षण, संग्रहालय किंवा प्रकाशन यांपैकी एखादे कौशल्य हाती असावे. भाषा शिकलेल्या माणसाला ही दारे उघडी असतात, आणि भारतात जर्मन शिकवणाऱ्यांची गरज शाळांपासून कंपन्यांपर्यंत सर्वत्र आहे.

या अभ्यासाची सुरुवात मात्र परदेशात जाण्याआधी, याच शाळेत होऊ शकते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली, मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली पिढी आज सत्तरी ओलांडून गेली आहे. कोणत्या विहिरीला शेवटपर्यंत पाणी होते, त्या विहिरीवर कोणाला पाणी भरू दिले जात होते, कोणती कुटुंबे गाव सोडून गेली आणि परत आली नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे. शासकीय आकडेवारीत यातले थोडेच सापडेल. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत आपल्या आजी-आजोबांना हे प्रश्न विचारावेत, त्यांच्याच शब्दांत उत्तरे उतरवून घ्यावीत, नाव-गाव-तारीख घालून वह्या शाळेच्या ग्रंथालयात जमा कराव्यात. शिक्षकांनी त्या जपाव्यात. आर नदीकाठच्या लोकांनी दोन महापुरांची आठवण कागदावर ठेवली होती, म्हणून ती शोधता तरी आली. आपल्या गावांची आठवण अजून कागदावर यायची आहे, आणि ती सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.